अक्कलदाढ काढावी कीं ठेवावी?

मनुष्याच्या दांतांची पूर्ण संख्या ३२. त्यांपैकीं अगदीं मागच्या चार दाढा साधारणतः वयाच्या १७ ते २५ वर्षांच्या दरम्यान उगवतात. ह्याच वयांत मनुष्यास जाण येते, म्हणून लोकांनीं त्यांस अक्कलदाढा असें नांव दिलें. कोणास चारही येतात, कोणास दोन, तर कोणास एकही येत नाहीं. परंतु तेवढ्यावरून कोणाच्या अकलेचें माप करूं नये! आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थी लौकरच ह्या वयांत पदार्पण करतील, आणि पुष्कळांच्या घरीं वडील भावंडांपुढें हा प्रश्न आजच उभा असेल. म्हणून त्याचा थोडा विचार करूं.

ही दाढ सर्वांच्या मागून येते, तेव्हां जबड्यांत पुष्कळदां जागा उरलेली नसते. मग ती तिरपी वळते, पुढील दाढेवर रेलते, अथवा अर्धीच वर येऊन थबकते. अशा अर्धवट दाढेवर हिरडीचा पदर राहतो. त्याखालीं अन्नाचे कण सांचतात, तेथें ब्रश पोहोंचत नाहीं, आणि हिरडी सुजून ठणकूं लागते.

आम्हांस ह्याचा अनुभव महाविद्यालयांत असतांना आला. डाव्या बाजूची खालची दाढ एका वर्षांत तीन वेळां दुखली. प्रत्येक वेळीं लवंगेचें तेल लावून आम्ही गप्प बसलों. आईनें विचारिलें तरी दुखणें लपविलें, कारण मनांत दाढ उपटण्याची धास्ती! शेवटीं पदवीच्या परीक्षेच्या आठवड्यांत गाल सुजला, तोंडांत दोन बोटेंही शिरेनात, आणि एक पेपर बुडाला. सूज उतरल्यावर दंतवैद्यांनीं दाढ काढिली. भुलीमुळें काढतांना वेदना झाल्या नाहींत; जें भोगलें तें सर्व भयामुळें भोगलें. त्याच वेळीं क्ष-किरणांच्या चित्रांत उजव्या बाजूची दाढ हाडांत आडवी निजलेली दिसली. तीही काढून टाकावी असा आम्हीं आग्रह धरिला, तेव्हां दंतवैद्य म्हणाले, “जिनें अपराध केला नाहीं, तिला शिक्षा कशासाठीं?” आज २० वर्षांहून अधिक काळ ती तशीच आहे, आम्ही ठराविक काळानें ती तपासून घेतों.

ह्या दोन दाढांत सर्व प्रश्न आला आहे. वारंवार येणारी सूज, भरतां न येण्याजोगी कीड, शेजारच्या दाढेस इजा, किंवा दाढेभोंवतीं झालेली द्रवाची गांठ, हीं काढण्याचीं सबळ कारणें होत. उलट, जिचा कांहींच उपद्रव नाहीं अशी अडकलेली दाढ केवळ पुढें दुखेल ह्या भीतीनें काढूं नये, असा निर्देश इंग्लंड व वेल्स येथील सरकारी आरोग्यसेवेसाठीं २००० सालीं देण्यांत आला. पुढचे दांत वेडेवाकडे होऊं नयेत म्हणून ती काढावी, ह्या समजुतीसही भक्कम आधार नाहीं. शिवाय खालच्या दाढेच्या जवळून ओठ, हनुवटी व जीभ ह्यांच्या संवेदनेचे मज्जातंतू जातात. त्यांस धक्का लागल्यास तेथें बधिरपणा येतो, व क्वचित् तो कायमही राहतो. मात्र निरुपद्रवी दाढेकडे पाठ फिरविणेंही योग्य नाहीं; कारण वय वाढतें तसें हाड कठीण होतें, आणि पुढें ती काढणें भागच पडलें तर जखम भरण्यास अधिक वेळ लागतो.

तेव्हां निर्णयापूर्वीं दंतवैद्यांस चार गोष्टी विचाराव्या. दाढेस आज कोणता रोग आहे? चित्रांत तिचीं मुळें मज्जातंतूच्या किती जवळ दिसतात? ठेविली तर धोका कोणता, आणि काढिली तर कोणता? ठेविल्यास पुन्हां तपासणी केव्हां? परंतु ताप, गिळण्यास त्रास, किंवा जबड्याखालीं पसरणारी सूज दिसल्यास प्रश्न विचारीत न बसतां त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें.

पालकांस विनंती कीं, त्यांनीं मुलांस दंतवैद्याच्या नांवानें भिववूं नये. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्ही दुखणें लपवूं नका. अक्कलदाढेबरोबर अक्कल येतेच असें नाहीं. भीति आणि घाई ह्या दोघींस बाजूस सारून, जाणत्यास वेळीं विचारणें हीच खरी अक्कल होय.