आंब्याच्या पट्टीतलं कोडिंग

चतुर्थीला गावी आलेले चाकरमानी आरती आटपून गप्पांना बसले की कुणीतरी हमखास सांगतो, “पोरांना कोडिंग शिकवा, पुढचा जमाना त्याचाच.” ते परत मुंबईला जातात आणि तळेरे परिसरातल्या आईवडिलांच्या डोक्याला भुंगा लागतो: “आमच्या झिलाक क्लासाक घालूक होया काय?”

शिकवाच, पण घाबरून नव्हे. २०२० साली लहान मुलांच्या कोडिंग क्लासांच्या जाहिरातींनी असाच धाक घातला होता. शेवटी जाहिरात मानक परिषदेने व्हाइटहॅट ज्युनियरला पाच जाहिराती मागे घ्यायला सांगितल्या. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही कोडिंगचा उल्लेख सहावीपासून पुढच्या टप्प्यात आहे. पहिली-दुसरीतल्या पोराने अजून ॲप बनवलं नाही म्हणून कुणाचं काही अडलेलं नाही.

खरा फायदा मला वेगळाच दिसतो. कोकण मंडळाचा दहावीचा निकाल २०२४ साली ९९.०१ टक्के लागला, राज्यात सर्वांत जास्त. अभिमान वाटावा असाच आकडा. पण गुणांच्या या धबडग्यात आपल्या मुलांना चुकायची सवय राहत नाही. उत्तर चुकलं की लाल शाई, गुण वजा, विषय संपला. प्रोग्रॅम मात्र पहिल्या फटक्यात क्वचितच चालतो. संगणक कितव्या ओळीवर अडलंय ते बहुतेक वेळा सांगतो, आणि मूल ती ओळ दुरुस्त करून पुन्हा चालवतं. रागावणं नाही, वर्गात हसं होणं नाही.

समजा, नववीतल्या मुलीला आंब्याच्या पट्टीचा, म्हणजे विक्रीच्या पावतीचा, हिशेब करणारा प्रोग्रॅम लिहायचा आहे. पेट्या गुणिले दर, त्यातून भाडं, हमाली वजा. पायथॉनमध्ये हे चार-पाच ओळींचं काम. ती वाशीच्या बाजारातून आलेली पट्टी घेऊन ताडून बघते, तर रक्कम जुळत नाही. का? मोठ्या आणि बारीक फळाचा दर वेगळा असतो, हे तिने लिहिलंच नव्हतं. मग प्रतवारीची अट घालावी लागते. डागी फळ निघालं तर? आणखी एक अट. वडिलांना सारखं विचारावं लागतं, आणि त्यांच्याही लक्षात येतं की इतकी वर्षं हा हिशेब आपण अंदाजानेच मान्य करत होतो. एवढं करूनही रक्कम जुळली नाही, तर प्रोग्रॅम चुकला की पट्टी, हेही एकदा बघायला हरकत नाही!

“आता एआयच कोड लिहितं, मग शिकायचं कशाला?” हा प्रश्न रास्त आहे. एआय वरचा प्रोग्रॅम क्षणात लिहून देईल. पण बारीक फळाचा दर त्यात राहून गेलाय, हे ओळखायला ती मुलगीच लागेल.

सुरुवातीला पैसे लागत नाहीत. पाचवी ते आठवीसाठी एमआयटीत तयार झालेलं ‘स्क्रॅच’ फुकट आहे. एकदा उतरवून घेतलं की पावसात नेट गेलं तरी चालतं. पुढे पायथॉन. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये मराठीतूनही धडे आहेत. टायपिंगसाठी मोबाइल मात्र गैरसोयीचा, जुना का होईना संगणक बरा. झोनल इन्फॉर्मेटिक्स ऑलिंपियाड ही परीक्षा तर कागद-पेन्सिलीवर होते, तिच्यासाठी प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही. गणिताची कोडी आवडणाऱ्या मुलाने जरूर द्यावी. आणि एमएस-सीआयटी झालं म्हणजे कोडिंग आलं, असं समजू नका. ती संगणक वापरण्याची ओळख आहे, नोकरीच्या अर्जासाठी उपयोगी, पण कोडिंगचा विषय निराळा.

दहावीच्या वर्षात कशाचीही सक्ती नको. त्यानंतर वाटा बऱ्याच आहेत. तीन वर्षांचा डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं; मालवणला शासकीय तंत्रनिकेतन आहे, तिथे यंदा कोणत्या शाखा आहेत ते प्रवेशाआधी बघून घ्या. बारावी कॉमर्सच्या मुलांना बीसीए खुलं आहे, फक्त २०२४ पासून त्यासाठी राज्याची सीईटी द्यावी लागते आणि तिचा अर्ज बारावीच्या निकालाची वाट बघत थांबत नाही.