अपग्रेड झाले, पण आवराआवर कोण करणार?

माझे शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झाले, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. गेल्या सेमिस्टरला माझ्या हातून झालेली दुसरी एक चूक मात्र पोटात न घालता नीट लक्षात ठेवा!

आमच्या लेडीज हॉस्टेलच्या स्टडी रूममध्ये एक जुना पीसी आहे, त्यावर डेबियन लिनक्स. पास आउट झालेल्या एका ताईने त्यावर अपाचे वेब सर्व्हर टाकून जुन्या प्रश्नपत्रिका आणि नोट्स ठेवल्या. कुठल्याही खोलीतून ब्राउझर उघडायचा, पेपर हजर. ताई गेली आणि रूट पासवर्ड माझ्याकडे आला.

ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आले. त्यात एपीटी, म्हणजे सॉफ्टवेअर आणून बसवणारा पॅकेज मॅनेजर, ३.० झाला. मला राहवेना. पीएल सुरू होण्याच्या आदल्या रात्री अपग्रेड लावले. मध्येच स्क्रीनवर प्रश्न आला: अपाचेची सेटिंग फाइल तुम्ही बदललेली दिसते, पॅकेजबरोबर नवी फाइल आली आहे, कोणती ठेवू? डोळ्यांवर झोप होती. नवे ते चांगले असे समजून मी ‘वाय’ दाबले आणि झोपले.

सकाळी साडेसहाला दार वाजले. "अगं, एकही पेपर उघडत नाहीये!" जाऊन बघते तर ‘फॉरबिडन’.

झाले काय होते? प्रत्येक सेटिंग फाइल मुळात कशी होती याची खूण (एमडी-५ चेकसम) डीपीकेजी हा खालचा प्रोग्राम जपून ठेवतो. फाइल आपण बदललेली असेल आणि पॅकेजमध्येही ती बदलून आली असेल, तरच तो विचारतो. ‘वाय’ म्हणजे नवी घ्या, ‘एन’ म्हणजे आपली ठेवा, ‘डी’ म्हणजे दोन्हींतला फरक दाखवा. काहीच न लिहिता एंटर मारला तर आपलीच राहते. माझ्या ‘वाय’मुळे ताईने लिहिलेल्या चार ओळी गेल्या. पेपरांचा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर होता आणि तो सर्वांना वाचू द्यावा, अशी परवानगी त्या ओळींत होती.

नशीब एवढेच की डीपीकेजी जुनी फाइल फेकत नाही. तीच फाइल, नावापुढे ‘डीपीकेजी-ओल्ड’ अशी शेपटी लावून, शेजारीच पडलेली होती. चार ओळी नव्या फाइलमध्ये आणल्या, अपाचे पुन्हा सुरू केले आणि नाश्त्याच्या आत पेपर उघडले. रेक्टर मॅडमपर्यंत तक्रार गेली नाही, हे माझे भाग्य!

त्या दिवशी कळले की प्रॉम्प्ट परत आला म्हणजे अपग्रेड संपले असे नाही. पुढची आवराआवर आपल्यालाच करावी लागते. मी केली ती अशी:

१. शेपट्या शोधा. ‘ईटीसी’ फोल्डरमध्ये फाइंड कमांडने ‘डीपीकेजी-ओल्ड’ (आपली जुनी फाइल) आणि ‘डीपीकेजी-डिस्ट’ (आपण नाकारलेली नवी फाइल) शोधा. काही पॅकेजेस ‘यूसीएफ’ नावाचा दुसरा प्रोग्राम वापरतात, त्यांच्या शेपट्या ‘यूसीएफ-ओल्ड’ आणि ‘यूसीएफ-डिस्ट’. डिफ कमांडने फरक वाचा, हवे ते उचला, मगच डिलीट करा.

२. सोर्सची यादी एकच ठेवा. सॉफ्टवेअर कुठून आणायचे ते पूर्वी ‘सोर्सेस डॉट लिस्ट’मध्ये एकेका ओळीत लिहायचे. नव्या पद्धतीत प्रकार, पत्ता, आवृत्ती, सही अशी वेगवेगळी रकाने असतात. मी नवी फाइल केली आणि जुनी तशीच ठेवली. मग एकच सोर्स अनेकदा लिहिला आहे, अशा वॉर्निंगचा पाऊस पडला! एपीटी ३.० मध्ये ‘मॉडर्नाइझ-सोर्सेस’ ही कमांड जुन्या यादीचे रूपांतर करून देते आणि जुनी फाइल ‘बॅक’ शेपटीने बाजूला ठेवते. बाहेरच्या सोर्समध्ये डेबियन १२ चे ‘बुकवर्म’ हे नाव राहिले नाही ना, तेही बघा.

३. किल्ल्या वेगळ्या करा. पूर्वी बाहेरच्या सोर्सची किल्ली ‘एपीटी-की’ कमांडने एकाच जुडग्यात टाकायचे. त्या जुडग्यातली किल्ली कुठल्याही सोर्सला चालायची. दूधवाल्याला फाटकाची किल्ली द्यायची तर अख्ख्या हॉस्टेलची मास्टर की दिली, असला प्रकार! डेबियन १३ मध्ये ही कमांड काढून टाकली आहे. आता किल्ली ‘कीरिंग्ज’ फोल्डरमध्ये ठेवायची आणि त्या सोर्सच्या ‘साइन्ड-बाय’ या रकान्यात त्या किल्लीचा पत्ता लिहायचा.

४. भुते घालवा. ‘रिमूव्ह’ने प्रोग्राम जातो, सेटिंग राहते; सीनियर खोली सोडून गेली तरी दारावर तिच्या नावाची पाटी राहते तशी. डीपीकेजीच्या यादीत अशा पॅकेजपुढे ‘आरसी’ दिसते. ‘पर्ज’ने तेही जाते. पण सांभाळून, काही पॅकेजेसच्या पर्जमध्ये डेटासुद्धा जातो.

आणि हे सगळे करण्याआधी? ‘ईटीसी’ फोल्डरची एक कॉपी पेन ड्राइव्हवर घ्या. दोन मिनिटांचे काम आहे. आणि अपग्रेड पीएलच्या तोंडावर नको, सुट्टीत करा.

जुनी फाइल वाचताना त्या चार ओळींच्या वर ताईची कॉमेंट दिसली: "पहिली डिस्क लहान आहे, म्हणून पेपर दुसरीवर. हे काढू नये." तिने मला आधीच सांगून ठेवले होते, मीच वाचले नव्हते. मशीनने तर थांबून विचारलेही होते! ‘डी’ दाबले असते तर ताईचे शब्द समोर आले असते.

आता मीही प्रत्येक बदलावर कॉमेंट लिहिते, तारीख घालून. पुढच्या वर्षी हा पासवर्ड ज्युनिअर्सपैकी कुणाकडे तरी जाईल. तिला एवढेच सांगेन, ‘वाय’च्या आधी ‘डी’!