नीलगिरीचे घाटरस्ते आणि सायकलस्वार

पूर्वघाट आणि पश्चिमघाट या दोन पर्वतरांगा जेथे एकमेकींना भेटतात, तेथे नीलगिरीचे पठार उभे आहे. तमिळनाडू, कर्नाटक आणि केरळ या तिन्ही राज्यांच्या सीमा त्याच्या आसपास येतात. पठाराच्या कडा सर्व बाजूंनी तीव्र उताराच्या आहेत. त्यामुळे मैदानातून वर जाणाऱ्या प्रत्येक रस्त्याला घाट चढावाच लागतो. या डोंगराळ, अरण्यमय प्रदेशात सायकलने प्रवास करणाऱ्यांची संख्या अलीकडच्या काळात वाढली आहे. २००८ साली सुरू झालेल्या ‘टूर ऑफ नीलगिरीज’ या सायकलयात्रेमुळे येथील घाटांची ख्याती देशभर पसरली.

नकाशा पाहून मार्ग ठरवणारा नवखा प्रवासी बहुधा किलोमीटर मोजतो. डोंगरात मात्र किलोमीटर हे माप फसवे ठरते. येथे मार्गाची पारख चार गोष्टींवरून करावी लागते. एकूण किती उंची चढावयाची, ती किती अंतरात चढावयाची, त्या बाजूला पाऊस केव्हा पडतो आणि त्या रानात कोणाची वहिवाट आहे, या त्या चार गोष्टी होत.

चढाचे गणित

मेट्टुपाळयम हे पायथ्याचे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ३३० मीटर उंचीवर आहे, तर उदकमंडलम म्हणजेच ऊटी सुमारे २,२४० मीटरवर. दोहोंत सुमारे १,९०० मीटरांचा फरक आहे. स्वार, सायकल आणि सामान मिळून ८० किलोग्रॅम वजन धरले, तर एक मीटर उंची चढण्यासाठी सुमारे ७८४ ज्यूल कार्य करावे लागते. रस्ता लांबचा असो वा जवळचा, या कार्यात सूट मिळत नाही. फरक पडतो तो हे कार्य किती वेळात करावे लागते यात. ताशी ८ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या स्वाराला शेकडा ५ चढावर केवळ उंची गाठण्यासाठी सुमारे ८७ वॅट शक्ती लागते. तोच चढ शेकडा १० झाला की ती दुप्पट, म्हणजे सुमारे १७४ वॅट होते. पहिली शक्ती सराव असलेला माणूस काही तास टिकवू शकतो. दुसरी टिकवणे थोड्यांनाच जमते.

येथे गिअरचे महत्त्व कळते. साध्या बिनगिअरच्या सायकलीत पायडलच्या एका फेऱ्यात सुमारे ५ मीटर अंतर काटले जाते. ताशी ८ किलोमीटर वेगाला मिनिटाला जेमतेम २५ ते २७ फेरे पडतात, आणि प्रत्येक फेऱ्याला सारे अंग पायडलवर टाकावे लागते. पुढच्या आणि मागच्या दातेरी चक्रांचे दाते सारखे असले तर एका फेऱ्यात दोन मीटरांच्या आसपास अंतर तुटते आणि त्याच वेगाला साठाहून अधिक फेरे पडतात. कार्य तेवढेच राहते, पण गुडघ्यावरचा ताण निम्म्याहून कमी होतो.

पठाराकडे जाणारे रस्ते

१८१९ साली कोइमतूरचे कलेक्टर जॉन सलिव्हन या पठारावर आले. त्यानंतर वर येण्याची पहिली मोठी वाट कोटगिरीच्या बाजूने काढण्यात आली, आणि १८३०च्या सुमारास कुन्नूरच्या बाजूचा घाट आखला गेला. त्या काळात माल बैलगाडीने वर न्यावयाचा असे. बैलाला झेपेल एवढाच चढ ठेवावयाचा, तर रस्ता वळणे घेत लांबवावा लागतो. बैलांच्या सोयीसाठी पत्करलेला हा लांबपणा आज सायकलस्वाराच्या उपयोगी पडतो.

मेट्टुपाळयम–कुन्नूर घाटात १४ हेअरपिन वळणे आहेत. चढ बव्हंशी शेकडा ५ ते ६ च्या आसपास राहतो. त्याच दरीतून १८९९ साली कुन्नूरपर्यंत आणि १९०८ साली ऊटीपर्यंत पोचलेली नीलगिरी पर्वतीय रेल्वे जाते. तिच्या मार्गावरील सर्वांत तीव्र चढ साडेबारास एक, म्हणजे शेकडा ८ आहे. एवढ्या चढावर गुळगुळीत चाके घसरू नयेत म्हणून रुळांमध्ये दातेरी पट्टी बसवलेली आहे. युनेस्कोने २००५ साली या रेल्वेला जागतिक वारशात स्थान दिले. या रस्त्याचा दोष चढाचा नाही, रहदारीचा आहे. बसगाड्या, पर्यटकांच्या मोटारी आणि गाजर-बटाट्याचे ट्रक यांची त्यावर सतत वर्दळ असते. मोटारींची गर्दी इतकी वाढली की मे २०२४ मध्ये बाहेरून येणाऱ्या वाहनांसाठी ई-पासची पद्धत लागू करण्यात आली.

कोटगिरीचा रस्ता तुलनेने शांत आहे. चहाच्या मळ्यांतून आणि बडगा लोकांच्या गावांजवळून तो चढतो. कोटगिरीपुढे मात्र ऊटीला जाण्यासाठी दोड्डबेट्टाच्या खांद्यावरून जावे लागते. २,६३७ मीटर उंचीचे हे शिखर तमिळनाडूत सर्वांत उंच आहे. कोटगिरीत पोचताच ‘घाट संपला’ असे मानणाऱ्याची येथे निराशा होते.

पश्चिमेचा रस्ता ऊटीहून पायकारा आणि नडुवट्टम या गावांवरून गुडलूरला उतरतो. अंतर सुमारे ५० किलोमीटर. वरच्या भागात गवताळ माळ आणि त्यांच्या घळींत वाढणारी ‘शोला’ नावाची ठेंगणी सदाहरित वने दिसतात. निलगिरीच्या झाडांची आणि वॅटलची लागवडही दिसते. ही दोन्ही झाडे मूळची ऑस्ट्रेलियाची असून एकोणिसाव्या शतकात येथे आणली गेली.

चौथा रस्ता कल्हट्टीचा. ऊटीहून मसिनगुडीला जाणारा हा घाट सुमारे हजार मीटरांची उतरण थोडक्या अंतरात, ३६ हेअरपिन वळणांनी पुरी करतो. चढाचे प्रमाण ठिकठिकाणी शेकडा १० च्या वर जाते. ऊटीहून मसिनगुडी या वाटेने सुमारे ३० किलोमीटर आहे, गुडलूरमार्गे त्याच्या दुपटीहून अधिक. नकाशावर जवळची दिसणारी हीच वाट सर्वांत अवघड आहे.

उताराचा धोका

चढ माणसाला थकवतो, पण जिवावर बेततो तो बहुधा उतार. चढताना साठवलेली सारी ऊर्जा उतरताना परत मिळते आणि ती कोठेतरी खर्च व्हावी लागते. ८० किलोग्रॅम वजन हजार मीटर खाली येते तेव्हा सुमारे ७,८४,००० ज्यूल ऊर्जा मोकळी होते. सुमारे अडीच लिटर पाणी उकळीपर्यंत तापवण्यास एवढी उष्णता पुरेशी आहे. वेग आवरून उतरावयाचे असल्यास यांतील मोठा भाग ब्रेकमध्येच उष्णतेच्या रूपाने साचतो. रिमवर घासणारे ब्रेक सतत दाबून धरले तर रिम तापते, आतली हवा प्रसरण पावते आणि टायर फुटू शकतो. म्हणून जाणते स्वार वळणापूर्वी दोन्ही ब्रेक जोराने पण थोडा वेळ दाबतात आणि सरळ भागात रिमला निवू देतात. काही वळणांनंतर थांबून विसावा घेणे हेही शहाणपणाचे असते.

थंडीचाही विचार करावा लागतो. दर हजार मीटर उंचीला तापमान साधारणपणे ६.५ अंशांनी उतरते. म्हणजे पायथ्याशी ३० अंश असताना ऊटीला १८ अंशांच्या आसपास असते. घामाने भिजलेला स्वार वाऱ्यात उतरू लागला की बोटे बधिर होतात, आणि बधिर बोटांनी ब्रेक नीट दाबला जात नाही. वर पोचताच अंगावर कोरडा कपडा चढवावा, हा नियम त्यातूनच आला आहे.

कल्हट्टीच्या उतारावर मोटारींचे गंभीर अपघात झाले आहेत आणि बाहेरच्या वाहनांवर प्रशासनाने निर्बंध घातले आहेत. बळकट पायांच्या स्वाराने हा घाट चढावा. उतरण्यासाठी गुडलूरचा रस्ता बरा.

ऋतू आणि रान

नीलगिरीच्या दोन बाजूंना दोन वेगळे पावसाळे आहेत. गुडलूर आणि नडुवट्टमच्या बाजूला जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस कोसळतो. कुन्नूर व कोटगिरीच्या बाजूला ऑक्टोबर ते डिसेंबरमधील ईशान्य मोसमी पाऊस अधिक त्रास देतो. नोव्हेंबर २००९ मध्ये त्या भागात दरडी कोसळून चाळीसहून अधिक माणसे दगावली. एकाच महिन्यात एक घाट कोरडा तर दुसरा दरडींनी बंद असू शकतो. दोन्ही पाऊस ओसरल्यावरचे जानेवारी-फेब्रुवारी हे महिने म्हणूनच सोयीचे.

कल्हट्टीच्या पायथ्याचा सिगूरचा भाग पर्जन्यछायेत येतो. काटेरी झुडपांचे हे कोरडे रान हत्तींच्या जाण्यायेण्याची वाट आहे. येथील हत्तीमार्गाचे रक्षण व्हावे हा मद्रास उच्च न्यायालयाचा २०११ सालचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये कायम केला. शेजारचे मुदुमलै हे १९४० सालचे अभयारण्य २००७ मध्ये व्याघ्रप्रकल्प झाले. पलीकडे कर्नाटकातील बंदीपूर आहे. तेथून जाणाऱ्या महामार्गांवर २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ या वेळेत वाहतुकीस बंदी घालण्यात आली. कारण उघड होते. रात्री वेगाने जाणाऱ्या वाहनांखाली वन्य प्राणी मरत होते.

सायकल कोणा प्राण्याला चिरडत नाही, म्हणून हे नियम आपल्यासाठी नाहीत असे स्वाराला वाटू शकते. ही समजूत घातक आहे. मोटारीचा आवाज प्राण्याला दुरून सावध करतो. सायकल निःशब्द येते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना घाणेरीची दाट झुडपे असली तर वळणापलीकडचा हत्ती स्वाराला दिसत नाही आणि हत्तीलाही स्वाराची चाहूल लागत नाही. चवताळलेला हत्ती ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगाने धावू शकतो. चढावर ताशी ८ किलोमीटरने जाणाऱ्याला त्याच्यापासून सुटका नाही. म्हणून पहाटे आणि तिन्हीसांजेला या रानात शिरू नये, एकट्याने जाऊ नये, मध्ये थांबू नये आणि नाक्यावरील वनरक्षक सायकलींना मनाई करील तेथे वाहनात सायकल घालून पुढे जावे. त्यात कमीपणा नाही.

मार्गाची निवड

या साऱ्याचा मेळ घातल्यास नीलगिरीची फेरी कशी आखावी हे स्पष्ट होते. पहिल्या दिवशी कोटगिरीपर्यंतच चढावे आणि तेथे मुक्काम करावा. दुसऱ्या दिवशी दोड्डबेट्टाच्या बाजूने ऊटी गाठावी. तिसऱ्या दिवशी पायकारामार्गे गुडलूरला उतरावे. मुदुमलैचे रान ओलांडावयाचे असेल तर ते चौथ्या दिवशी, उन्हे चांगली वर आल्यावर आणि सोबतीने. अंतराच्या हिशेबाने ही फेरी दोन दिवसांत उरकता येईल असे वाटते. उंची, उतार, पाऊस आणि हत्ती यांचा हिशेब मांडला की चार दिवसही अधिक वाटत नाहीत.