संकासुराचे खरे रूप

खलपुरुषाचे खरे रूप प्रेक्षकांपुढे केव्हा आणि कसे उघड करावे, हा नाटककारापुढील जुनाच प्रश्न आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. त्या वळणाच्या पौराणिक नाटकांत राक्षस 'अललडुर्र' अशी आरोळी ठोकीत, राळेच्या भडक्यात प्रवेश करी. आल्या क्षणीच तो दुष्ट ठरे. पुढे उलगडण्यासारखे फारसे काही उरत नसे.

आपल्या कोकणातला संकासुर मात्र निराळा आहे. १९८१ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात असलेल्या सिंधुदुर्गात दशावतार रंगतो. त्याच्या पूर्वरंगाला 'आड दशावतार' म्हणतात. त्यात गणपती, सरस्वती, ब्रह्मदेव येऊन गेल्यावर संकासुर येतो. काळा वेश, तोंडावर काळा बुरखा, बाहेर लोंबणारी लाल जीभ! मुले आईच्या पदराआड लपतात. पण हा राक्षस बोलू लागतो तो चक्क मालवणीत! भटजींची तो अशी काही फिरकी घेतो की भ्यालेली मुलेही हसू लागतात. आपण नकळत त्याच्या बाजूचे होतो. आणि मग कळते की हाच ब्रह्मदेवाचे वेद पळवणारा. शेवटी विष्णू त्याचा वध करतो. भागवतात वेदचोराचे नाव हयग्रीव आहे, तर पद्मपुराणात शंख. हा शंखासुरच लोकांच्या तोंडी संकासुर झाला.

रत्नागिरीकडे हाच संकासुर शिमग्यात, नमन-खेळ्यांबरोबर येतो. काळा पायघोळ वेश, डोक्यावर उंच टोकदार टोपी, कमरेला घुंगुर. आमच्या वाडीत हे सोंग माझे वडील घेतात. लहानपणी मी त्याला पाहून किंचाळले होते. मग काळ्या कपड्याखालच्या भेगाळलेल्या टाचा दिसल्या आणि हे आपले बाबाच, हे मी ओळखले.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. पहिल्या वर्षी एका मैत्रिणीने विचारले, "शिमग्याला तुमच्याकडे काय असतं गं?" मी म्हटले, "काही विशेष नाही." ते खोटे बोलणे मला अजून टोचते.

यंदा या लेखासाठी बाबांनाच विचारले, "संकासुराने वेद कशाला पळवले?" ते म्हणाले, "वाचाया नाय नेलान. दुसऱ्यास मिळू नयेत म्हणून नेलान."

मला वाटते, या पात्राचे मर्म इथेच आहे. त्याचा राक्षसपणा लाल जिभेत नाही, काळ्या वेशात नाही. ज्ञान सर्वांपासून दडवून ठेवण्यात आहे. एकदा ही कसोटी हाती आली की ती सोंगापुरती राहत नाही. बाबांच्या पिढीत आमच्या वाडीतल्या कितीतरी जणांच्या हाती पुस्तक आलेच नाही. ते कोणी समुद्रात लपवले नव्हते आणि ज्यांच्यामुळे ते मिळाले नाही, त्यांनी कोणतेही सोंग घेतले नव्हते.

भीती, मग हसू आणि शेवटी कृती, अशा क्रमाने संकासुर उलगडतो. दिसण्यावरून आणि बोलण्यावरून माणूस ठरवू नका, तो काय करतो ते पाहा, हा धडा तो आपल्याला हसत-खेळत देऊन जातो. येत्या शिमग्याला त्या मैत्रिणीला मी आमच्या वाडीत घेऊन जाणार आहे. संकासुर आला की सांगेन, "ते माझे बाबा."