आधी परवाना बघा, मग पदवी

नाशिकला बी.फार्म. करत होते तेव्हा अमेरिकेत फार्मासिस्ट व्हायचं, हे माझं पक्कं होतं. घरच्यांचंही. कॉलेज रोडवरच्या एका सल्लागाराने जीआरई, टोफेल, शैक्षणिक कर्ज असं सगळं मांडून दिलं. एका नियमाचा विषय मात्र त्याने कधी काढलाच नाही. परदेशी पदवीधराला अमेरिकेत फार्मासिस्टचा परवाना हवा असेल तर आधी एफपीजीईई नावाची परीक्षा द्यावी लागते, आणि २००३ पासून पदवी घेतलेल्यांना त्या परीक्षेसाठी किमान पाच वर्षांचा फार्मसीचा अभ्यासक्रम लागतो. आपली बी.फार्म. चार वर्षांची. मला हे कळलं तेव्हा आठवं सेमिस्टर चालू होतं. मार्क कितीही असोत, अर्जच करता येत नाही.

मी मग रेग्युलेटरी अफेअर्समध्ये एम.एस. केलं. काम चांगलं आहे, पोटापाण्याची ददात नाही. पण पेशंटसमोर उभं राहून औषध समजावून सांगायचं, यासाठी मी फार्मसी घेतली होती. ते राहूनच गेलं. माझ्या वर्गातली एक मैत्रीण कॅनडाला गेली. तिथे पीईबीसी ही संस्था आपली चार वर्षांची पदवी तपासून परीक्षेला बसू देते. ती आज फार्मसीत काम करते. कॉलेज तेच, पदवी तीच, देश तेवढा वेगळा.

म्हणून बारावीच्या मुलांना मी पहिला प्रश्न विचारते: कोणत्या देशात, कोणतं काम? नुसतं ‘फॉरेनला जायचंय’ म्हणून शाखा ठरत नाही. अमेरिकेत फार्मासिस्टच व्हायचं असेल तर आपल्याकडे २००८ पासून सहा वर्षांचा फार्म.डी. आहे, त्याचा विचार बारावीलाच व्हायला हवा. बी.फार्म.वर एम.फार्म. केलं की वर्षं भरून निघतील, असं गृहीत धरू नका. बीडीएस झालेल्यांना अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत परवान्यासाठी तिथल्या डेंटल कॉलेजात पुन्हा दोन-तीन वर्षं शिकावं लागतं आणि त्याची फी डोळे पांढरे करणारी असते. नर्सिंगचं तसं नाही. जर्मनीत आपली पदवी तपासतात, कमी पडलेला भाग तिथे शिकून किंवा परीक्षा देऊन भरून काढता येतो. तिथे खरी अडचण भाषेची. परवान्यासाठी साधारण बी२ पातळीचं जर्मन लागतं, आणि ते दोन महिन्यांच्या क्लासने येत नाही. नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून जर्मन सुरू करणारी मुलगी पुढे निघून जाते.

इंजिनीअरिंगवाल्यांना वाटतं, आपल्याला कसला परवाना? सॉफ्टवेअरमध्ये नाही, खरंच. सिव्हिलमध्ये मात्र नकाशावर सही करायचा अधिकार हवा असेल तर लागतो. इंजिनीअरिंगच्या पदव्या परस्पर मान्य करणाऱ्या देशांचा वॉशिंग्टन करार आहे. भारत २०१४ मध्ये त्याचा पूर्ण सदस्य झाला, पण म्हणून देशातली प्रत्येक बी.ई. त्या देशांत मान्य झाली नाही. अभ्यासक्रम तपासणाऱ्या एनबीए या संस्थेची ‘टियर १’ मान्यता असलेल्या अभ्यासक्रमांनाच तो लाभ मिळतो. ही मान्यता शाखेला असते, अख्ख्या कॉलेजला नव्हे. ‘आमचं कॉलेज एनबीए आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. तुमच्या शाखेला कोणता टियर आणि कोणत्या वर्षापर्यंत, ते विचारा.

पुढे अमेरिकेत एम.एस. करणाऱ्यांनी कोर्सचं नाव नव्हे, त्याचा सीआयपी कोड, म्हणजे अभ्यासविषयाचा अधिकृत क्रमांक, बघावा. शिक्षणानंतर १२ महिने काम करता येतं; कोड स्टेमच्या, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-इंजिनीअरिंग-गणिताच्या, यादीत असेल तर आणखी २४ महिने मिळू शकतात. एकाच विद्यापीठात, एकाच इमारतीत शिकवले जाणारे दोन मॅनेजमेंट कोर्स, एक यादीत आणि दुसरा बाहेर, असं सर्रास असतं. हा कोड विद्यापीठाकडून व्हिसासाठी मिळणाऱ्या आय-२० वर छापलेला असतो, पण तोपर्यंत प्रवेश ठरून गेलेला असतो. प्रवेशाआधीच विद्यापीठाला ईमेल करून विचारा.

आईवडिलांना माझं कळकळीचं सांगणं आहे. व्हिसा मिळालाच नाही तर हीच पदवी इथे काय देईल, हेही त्याच बैठकीत बोला. फार्मसीवाल्याला सातपूर-अंबडच्या औषध कंपन्या तरी आहेत. प्रत्येक शाखेचं तसं नसतं.

कॅपचा, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, ऑप्शन फॉर्म लॉक करण्याआधी त्या देशाच्या परवाना देणाऱ्या संस्थेचे नियम स्वतः वाचा. सल्लागार काय म्हणतो ते नंतर. आणि प्रवेश झाला की दरवर्षीचा अभ्यासक्रम, प्रत्येक विषयाच्या तासांसह, कॉलेजचा शिक्का मारून जपून ठेवा. पदवी तपासणाऱ्या संस्था तो मागू शकतात, आणि अभ्यासक्रम बदलल्यावर जुना शोधताना कॉलेज आणि विद्यापीठाच्या खेपा घालाव्या लागतात.