ठिणगीची वाटचाल

नागपूर शहरात राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय ही एक महत्त्वाची संस्था आहे. १९५६ साली रामपूर येथे तिची स्थापना झाली व पुढच्याच वर्षी ती नागपुरास आली. देशाच्या निरनिराळ्या राज्यांतील अग्निशामक अधिकारी येथे शिक्षण घेतात. आगीशी झुंज द्यावयाची, तर धैर्य पाहिजेच. परंतु केवळ धैर्य पुरेसे नाही. आग कोठून निघते, कोणत्या वाटेने जाते आणि कोठे थांबते, हे ज्याला ठाऊक असते, तोच तिला आवरू शकतो.

लाकडाची एक काडी पेटवून पाहिली, तर तिचे टोक प्रथम काळवंडते, त्यातून धूर निघतो आणि मग ज्योत दिसू लागते. आपल्याला वाटते, लाकूड जळत आहे. वास्तविक ज्योतीत जळत असते ती लाकूड तापल्यामुळे त्यातून बाहेर पडणारी वाफ. ती हवेतील प्राणवायूशी संयोग पावते आणि त्यातून उष्णता निर्माण होते. त्या उष्णतेचा काही भाग काडीच्या शेजारच्या भागाला तापवितो. तेथूनही वाफ निघते व तीही पेट घेते. अशा रीतीने जळता भाग आपल्या शेजाऱ्याला पेटवून स्वतः विझतो. पाण्यावर जशी लाट सरकते, तशीच ही ज्वलनाची लाट होय. तिच्या पुढे कोरे लाकूड आणि मागे कोळसा व राख!

जळते टोक खाली धरले, की ज्योत भराभर वर चढते. कारण तापलेली हवा वर जाते आणि वरचे लाकूड आधीच तापवून ठेवते. तेच टोक वर धरले, तर आग खाली मोठ्या कष्टाने उतरते. डोंगराच्या चढावर वणवा वेगाने का धावतो, याचे उत्तर ह्या काडीतच सापडते.

परंतु प्रत्येक आगीला ज्योत असतेच असे नाही. देवघरातील उदबत्ती पाहा. तिच्या टोकाशी लाल निखाऱ्याचे इवलेसे कडे असते. वीतभर उदबत्ती संपावयास अर्धापाऊण तास लागतो, तरी ते कडे न विझता पुढे पुढे सरकत राहते. यालाच धुमसणे म्हणतात. धुमसणारी आग मंद असते, म्हणून ती दुबळी आहे असे मात्र कोणी समजू नये.

विदर्भ हा कापसाचा मुलूख आहे. सरकी काढताना कापसातील एखादा खडा वा लोखंडाचा तुकडा यंत्रावर आपटून ठिणगी उडते. ती रुईबरोबर गाठीत दाबली गेली, तर तंतूंमधील थोड्याशा हवेवर ती आत धुमसत राहते. बाहेर ज्योत नाही, धूरही नाही. पाणी ओतले, तरी ते वरचा थर भिजवून ओघळून जाते. काही दिवसांनी गाठ उघडताच तिला मोकळी हवा मिळते आणि भडका उडतो.

अशाच धुमसत्या कापसाने १९४४ साली मुंबईवर घोर संकट आणले. कराचीहून आलेले 'फोर्ट स्टायकीन' हे जहाज व्हिक्टोरिया गोदीत उभे होते. त्याच्या एकाच कोठारात कापसाच्या गाठी आणि स्फोटके भरलेली होती. १४ एप्रिल रोजी दुपारी कापसातून धूर निघू लागला. अग्निशामक धावून आले व पाण्याचा मारा करू लागले. पण आग गाठींच्या पोटात होती. चार वाजून गेल्यावर ती स्फोटकांना भिडली.

येथे ज्वलनाच्या लाटेचे रूपच पालटले. स्फोटकांना बाहेरच्या हवेची वाट पाहावी लागत नाही. ज्वलनास लागणारा प्राणवायू त्यांच्यातच सामावलेला असतो. त्यांच्यातील लाट नुसती उष्णता देऊन पुढे जात नाही; ती पुढच्या थरावर प्रचंड दाबाचा आघात करते आणि त्याच क्षणी तो थर पेटतो. अशी लाट एका सेकंदात कित्येक किलोमीटर धावते. उदबत्तीची लाट तेवढ्या वेळात केसाच्या जाडीइतकीच सरकते! पहिल्या स्फोटानंतर सुमारे अर्ध्या तासाने दुसरा स्फोट झाला. गोदी उद्ध्वस्त झाली, शेकडो माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ६६ अग्निशामक होते. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळला जातो.

आगीची लाट कितीही उग्र असली, तरी साधी आग पुढच्या थराच्या आधारावरच जगते. तो आधार काढून घेणे, हेच तिला रोखण्याचे मर्म. पाणी उष्णता हिरावून घेते. वाळू हवा तोडते. पेंच व मेळघाटच्या जंगलांत उन्हाळ्यापूर्वी गवत व पालापाचोळा दूर करून जाळरेषा आखतात. तेथे वणव्याला पेटविण्यासाठी शेजारीच उरत नाही. मात्र स्फोटकांत एकदा लाट उठली, की तिला अडविण्यास अवसर नसतो. म्हणून स्फोटके आणि ठिणगी यांची भेटच होऊ न देणे, हा एकच मार्ग उरतो. लहानशी ठिणगी वेळीच विझविणारा माणूस कित्येकांचे प्राण वाचवितो, आणि बहुधा त्याचे नावही कोणाला कळत नाही.

स्वाध्याय

१. 'जळता भाग आपल्या शेजाऱ्याला पेटवून स्वतः विझतो', हे विधान काडीच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. कापसाच्या गाठीतील आग विझविणे कठीण का असते?
३. उदबत्तीतील व स्फोटकांतील ज्वलन यांत कोणता फरक आहे?
४. जाळरेषेमुळे वणवा कसा थांबतो?