वाय-फायची सुरक्षा : कोणता पर्याय निवडावा?

प्रश्न : राउटरच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूईपी, डब्ल्यूपीए२, डब्ल्यूपीए३ असे पर्याय दिसतात. कोणता निवडू? घरात एक जुना प्रिंटरही आहे.

उत्तर : डब्ल्यूईपी नकोच. त्यातली त्रुटी २००१ मध्येच उघड झाली. आज ते काही मिनिटांत फोडता येतं. सगळी उपकरणं नवी असतील तर २०१८ मध्ये आलेलं डब्ल्यूपीए३ उत्तम. जुना प्रिंटर त्यावर बहुधा जोडला जाणार नाही. तेव्हा डब्ल्यूपीए२ आणि ३ चा मिश्र पर्याय किंवा डब्ल्यूपीए२-एईएस ठेवा. टीकेआयपी ही जुनी एन्क्रिप्शन पद्धत टाळा. पासवर्डला किमान आठ अक्षरं लागतात, पण तेवढ्यावर थांबू नका. मोबाइल नंबर तर नकोच. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडा. डब्ल्यूपीएस, म्हणजे बटण दाबून किंवा पिन टाकून उपकरण जोडण्याची सोय, बंद करा आणि राउटरचा मूळ अ‍ॅडमिन पासवर्डही आठवणीने बदला.